फिटरकाकांच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात: जिनिंग, दालमिल आणि शेतकरी कंपनीत कामाचं ज्ञान पसरवण्याची रीत

दसरा आटोपला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा भागातल्या जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं, साफ व्हायला लागतात आणि मालकांची जुनी तक्रार पुन्हा ऐकू येते: "आमच्याकडे कोणी कोणाला काही सांगत नाही. फिटर गावाला गेला की कारखाना बंद." मग उपाय म्हणून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, एका दुपारी प्रशिक्षण होतं, समोसे येतात, फोटो काढले जातात. फिटर पुढच्या लग्नाला गेला की कारखाना पुन्हा बंद.

या तक्रारीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की लोकांना सांगायचंच नाहीये. काही ठिकाणी ते खरं असतं. पण बहुतेक ठिकाणी सांगणाऱ्याला सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्याला झेपत नाही. दोन्ही क्षमता आहेत, दोन्ही शिकवता येतात, आणि त्यांच्याकडे न बघता माणसांना "मोकळे व्हा, बोला" म्हणणं फुकट जातं.

गॅब्रिएल झुलान्स्की या अभ्यासकाने १९९६ साली आठ कंपन्यांमधली १२२ उदाहरणं तपासली. एका विभागात चांगली चाललेली पद्धत त्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागात का रुजत नाही, हा त्याचा प्रश्न होता. तीन मोठे अडथळे निघाले. घेणाऱ्याकडे ते समजून घेण्याची पूर्वतयारी नसते. एखादी गोष्ट नेमकी कशामुळे जमते, हे करणाऱ्यालाही स्पष्ट नसतं. आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसतं. "इच्छा नाही" हे कारण, ज्यावर साहेब लोकांचा सगळा भर असतो, ते यांच्या मागे राहिलं. त्या कंपन्या मोठ्या होत्या. आपल्या तीस-चाळीस माणसांच्या जिनिंगला तो अभ्यास तंतोतंत लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण शोध कुठून सुरू करायचा, हे त्यावरून कळतं.

आधी तक्ता करा, आणि तो बघून भरा

एक मोठा कागद घ्या. उभ्या बाजूला कामं लिहा: कापसाची प्रत आणि ओलावा बघणं, रेच्याची सुरी बसवणं, लेदर रोलरला खाचा पाडणं, गाठी बांधायचा प्रेस चालवणं, वजनकाट्याची पावती, सरकीचा हिशेब, आग लागली तर काय करायचं. आडव्या बाजूला माणसांची नावं. प्रत्येक घरात चारपैकी एक खूण करा: नुसतं पाहिलंय, कोणी सोबत असेल तर करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो.

चौथी खूण तिसरीपेक्षा वेगळी का ठेवली, हे नीट समजून घ्या. सगळा लेख त्यावरच उभा आहे. उत्तम फिटर उत्तम शिकवेलच असं नाही. उलट, ज्याला शिकून दोन-तीनच हंगाम झालेत त्याला आपण कुठे अडखळलो होतो ते आठवत असतं, म्हणून पुष्कळदा तोच बरा शिकवतो.

तक्ता विचारून भरू नका. विचारलं की पोरगा छाती काढून "येते ना" म्हणतो, आणि कचरा वेचणाऱ्या बाया "आमाले काय येते बाप्पा" म्हणून मोकळ्या होतात. प्रत्यक्षात कोणत्या गावच्या कापसात प्लास्टिकच्या पोत्याचे धागे येतात आणि कोणाच्या गाडीत खाली ओला माल दडवलेला असतो, हे त्या बायांना कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या आधी ठाऊक असतं. म्हणून मुकादमाला सोबत घेऊन आठवडाभर कामाच्या जागी उभं राहा आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच भरा.

ज्या कामासमोर "एकटा करतो" अशी एकच खूण आहे, त्याला लाल रंग द्या. विदर्भातल्या हंगामी कारखान्यात हा लाल रंग शहरापेक्षा जास्त दिसतो, कारण कापूस संपला की उन्हाळ्यात अर्धी माणसं निघून जातात आणि पुढच्या दिवाळीला तीच परत येतील याची खात्री नसते.

सांगत नाही, की सांगता येत नाही?

लाल घरातला माणूस कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखायला सोपी परीक्षा आहे. तो दुरुस्ती करत असताना एक शिकाऊ पोरगा शेजारी उभा करा. काका पोराला जवळ ओढून "पाह्य, असं" म्हणत हाताने दाखवत असतील, पण "का?" विचारल्यावर "हाताले कयते, सांगता नाई येत" म्हणत असतील, तर प्रश्न क्षमतेचा आहे. आणि गिअरबॉक्स उघडायच्या नेमक्या वेळी पोराला चहा आणायला पाठवत असतील, तर प्रश्न पोटाचा आहे.

पोटाच्या प्रश्नाला भाषण हे उत्तर नाही. हंगामावर येणाऱ्या फिटरला ठाऊक असतं की दोन पोरं तयार झाली तर पुढच्या वर्षी आपला भाव पडणार. त्याची भीती अगदी रास्त आहे. ती घालवायची तर पुढच्या हंगामाचं काम आत्ताच लेखी द्या, शिकवण्याचा वेगळा भत्ता ठरवा, आणि तो भत्ता पोरगा स्वतंत्रपणे काम करू लागला की द्या. शिकवायला सुरुवात केली म्हणून नव्हे. "उस्ताद" म्हणून पाटीवर नाव लावलं तर बरंच वाटतं, पण पाटीने किराणा येत नाही.

पोटाचा प्रश्न सुटल्याशिवाय पुढच्या पायऱ्या चढू नका.

जाणत्याला बोलतं करणं

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. ओळखली गेली १२० पैकी ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. जाणता माणूस "थोडं टाइट कर" म्हणतो तेव्हा नेमकं हेच होतं. त्याच्या लेखी त्या "थोडं"मध्ये वीस वर्षं असतात, पोराला मात्र पाना किती फिरवायचा हेही कळत नाही.

म्हणून "तुम्हाला काय येतं ते सांगा" असं कधीच विचारू नका. घडलेल्या प्रसंगावर विचारा. मशीन बंद केलंत त्याच्या जरा आधी काय दिसलं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला? इथे नवा माणूस काय चुकेल? मागच्या वर्षी रोलर गरम झाला तेव्हा पहिल्यांदा कशावरून कळलं? माणूस प्रसंग सांगताना आपोआप बारकावे सांगतो.

दुसरी युक्ती म्हणजे दोन नमुने शेजारी ठेवणं. कापसाच्या ओलाव्याचं घ्या. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांपर्यंतचा माल घेतात. जुना ग्रेडर मूठभर कापूस दाबतो, सोडतो, सरकी चावतो आणि सांगतो "दहाच्या वर हाय". त्याला कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी प्रत्येक गाडीवर आधी त्याचा अंदाज लिहा, मग मॉइश्चर मीटर लावा, आणि कोरड्या व ओल्या मालाच्या मुठी शिकाऊ पोराच्या हातात एकामागून एक द्या. काही दिवसांत ग्रेडर स्वतःच बोलायला लागतो: ओला कापूस मुठीतून सोडला तरी लवकर फुलत नाही, सरकी चावली तर कट्ट आवाज येत नाही. हे शब्द आधी नव्हते, तुलनेमुळे सापडले. गंमत अशी की अंदाज कुठे चुकतो हे ग्रेडरलाही पहिल्यांदाच कळतं, तेव्हा ही वही सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका.

आता सापडलेलं कागदावर आणायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांमधले जाणते कामगार सैन्यात गेले आणि नवख्यांना भराभर तयार करावं लागलं, तेव्हा मुकादमांसाठी एक साधी पद्धत बसवली गेली. तिच्याहून चांगली मला अजून दिसलेली नाही. तिच्या आजच्या रूपात कागदावर तीन रकाने असतात: पायरी, त्यातली मेखीची गोष्ट, आणि तिचं कारण. तुरीच्या डाळीचं उदाहरण बघू, अकोल्याकडच्या दालमिलवाल्यांना ते ओळखीचं वाटेल.

पायरी: तूर खरखरीत एमरी रोलरमधून काढणं. मेख: टरफलाला फक्त ओरखडा पडला पाहिजे, दाणा फुटता कामा नये. कारण: ओरखड्यातून तेल आत शिरतं, दाणा फुटला तर तो चुरीत जातो.

पायरी: तेल लावून ढीग रात्रभर ठेवणं. मेख: ढीग मधूनच उकरून बघणं, वरून नाही. कारण: वरचे दाणे आधी सुकतात आणि फसवतात.

पायरी: उन्हात वाळवणं. मेख: किती दिवस हे तारखेवर न ठरवता दाणा चावून ठरवणं. कारण: डिसेंबरातलं ऊन आणि मार्चमधलं ऊन एक नाही.

पायरी: पाणी मारून पुन्हा ढीग आणि मग दळण. मेख: पहिल्या घाण्यात गोटा (टरफल न निघालेला अख्खा दाणा) किती निघतो ते बघून पुढचं ठरवणं. कारण: गोटा जास्त म्हणजे वाळवण कमी पडली किंवा दाणा एकसारखा नव्हता.

तिसरा रकाना लोक सोडून देतात. सोडू नका. कारण माहीत असलेला माणूस ढगाळ दिवशी स्वतः निर्णय घेतो. कारण माहीत नसलेला मालकाला फोन लावतो.

शिकवताना त्या पद्धतीचा क्रमही पाळा. आधी पोराला सैल करा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग करून दाखवा, एकदा नुसतं, एकदा मेखीसह, एकदा कारणासह. मग त्याला करायला लावा आणि करता करता त्याच्याच तोंडून मेख व कारण वदवून घ्या. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण अडलं तर कोणाकडे जायचं ते सांगून. रेच्यावर हे करताना मुख्य स्विच बंद, त्याला कुलूप आणि किल्ली शिकणाऱ्याच्या खिशात. यात सूट नाही, काका कितीही म्हणोत की "मी चालू मशीनवरच करतो".

घेणाऱ्याची जमीन तयार करणं

वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेविन्थाल यांनी १९९० साली मांडलेली एक कल्पना इथे कामाची आहे: नवं ज्ञान शोषून घेण्याची ताकद आधीच्या संबंधित ज्ञानावर अवलंबून असते. ज्याला काहीच खुंटी नाही, त्याच्याकडे टांगायचं कुठे?

आपल्याकडच्या खुंट्या अगदी साध्या असतात. सुट्या भागांची नावं. मिलिमीटर. टक्केवारी. दहावी झालेल्या पोरालाही १२ टक्के ओलावा म्हणजे काय हे विचारलं तर तो गप्प बसतो; पण "शंभर किलो कापसात बारा किलो पाणी" म्हटलं की लगेच विचारतो, "मंग आपण पाण्याचे पैसे देतो काय?" तिथून शिकवणं सोपं. तसंच रुईच्या उताऱ्याचं. क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी, आणि गाठ भरते १७० किलोची. एवढे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाला एका गाठीला अंदाजे पाच क्विंटल कापूस लागतो हे स्वतःच काढता येतं. मग उतारा घसरला की सुरीकडे त्याचं लक्ष आपोआप जातं. म्हणून मुख्य शिकवणीच्या आधी चार-पाच दिवस नुसती नावं, मापं आणि आकडे घ्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण याच्याशिवाय पुढचं सगळं ओघळून जातं.

भाषेकडेही बघा. मेळघाटाकडून आलेली माणसं आपसात कोरकू बोलतात, यवतमाळच्या तांड्यांवर गोरमाटी, गडचिरोलीत गोंडी. साहेबासमोर सगळे "हो" म्हणतात. पहिला शिकणारा असा निवडा की तो पुढे आपल्या बोलीत इतरांना सांगू शकेल.

आणि शाळा कमी झाली म्हणजे क्षमता कमी, हे डोक्यातून काढायचं असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्या बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत आली. त्याच संस्थेने मोजता न येणाऱ्या दायांसाठी बाळाचे श्वास मोजायचं साधन केलं: वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनियाची शंका. दाईला पन्नास-साठपर्यंत मोजायला शिकवत बसण्याऐवजी मोजणंच दहावर आणून ठेवलं.

कारखान्यात हेच करता येतं. दाबाच्या घड्याळावर हिरवा आणि लाल पट्टा रंगवा. वाळलेली आणि न वाळलेली तूर दोन बाटल्यांत भरून भिंतीला टांगा, आणि हंगामागणिक बदला. सुरीतली फट बघायला फीलर गेजची योग्य पाती वेगळी काढून तिला रंगीत दोरा बांधा. शिकवायचं ओझं जेवढं वस्तूवर टाकता येईल तेवढं टाका.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडं

ग्रुप वाईट नाही. पण त्यात "सुप्रभात" आणि वाढदिवसांच्या खाली सुरीची सेटिंग गाडली जाते. कामाचा ग्रुप वेगळा ठेवा, त्यात फक्त दोघा-तिघांना टाकायची मुभा द्या. लांब मजकुरापेक्षा आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप बरा, कारण सावकाश वाचणारा माणूस लाजेखातर वाचल्याचं सोंग घेतो. व्हिडिओ मिनिटाभराचा, एका व्हिडिओत एकच गोष्ट, काकांच्या हाताजवळून काढलेला, काकांच्याच आवाजात. आणि हे सगळं कारखान्याच्या एका फोनमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर पोरगा काम सोडून पुण्याला गेला की व्हिडिओही पुण्याला जातात.

वेळ कुठून काढायचा

हंगामात कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या असतात तेव्हा कोणालाही शिकवायला फुरसत नसते, आणि ती मागूही नये. त्या काळात फक्त पाळी बदलतानाची पंधरा मिनिटं घ्या. दोन्ही पाळ्यांचे फिटर आणि मुकादम मशीनजवळ उभे राहून तीनच प्रश्न: आज कुठे अडलं, काय केलं, पुढच्या पाळीने कशावर लक्ष ठेवायचं. वहीत तीन ओळी. या पंधरा मिनिटांची मजुरी दोघांनाही द्या. फुकट थांबायला सांगितलं तर चौथ्या दिवशी वही कोरी दिसेल.

खरी शाळा एप्रिलनंतर. यंत्रं उघडलेली असतात, रोलर बाहेर काढलेले असतात, घाई नसते. दुरुस्तीला फिटर एकटा बोलावून पैसे वाचवायची सवय बहुतेक मालकांना आहे. दोन शिकाऊ पोरांची रोजी त्यात घाला. हंगामातल्या एका दिवसाच्या बंदीशी तुलना केली तर हा खर्च फार नाही.

शेतकरी कंपनी असेल तर

उत्पादक कंपन्यांचं दुखणं जरा निराळं. तिथे लाल घर मशीनपाशी नसतं, संगणकापाशी असतं. जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचा व्यवहार, खत-बियाण्याच्या परवान्याच्या तारखा, व्यापाऱ्यांचे नंबर, सगळे पासवर्ड एकट्या सीईओकडे. २०२० साली सुरू झालेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या (एफपीओ) केंद्रीय योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत ठेवली होती. ती संपेपर्यंत कंपनीचं स्वतःचं उत्पन्न उभं राहिलं नाही, तर शिकलेला सीईओ दुसरीकडे जाणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

संचालकांनी तिसऱ्या वर्षाची वाट न बघता तीन गोष्टी करून घ्याव्यात. वर्षभरातल्या शासकीय तारखांचा भिंतीवर लावायचा तक्ता. पासवर्ड आणि कागदपत्रांची यादी, बंद पाकिटात, अध्यक्ष आणि आणखी एका संचालकाच्या सहीने. आणि दर महिन्याला एक विवरणपत्र एखाद्या संचालकाने सीईओच्या शेजारी बसून स्वतः भरणं. भरायला तो दुप्पट वेळ घेईल, घेऊ द्या.

संचालकांच्या बैठकीत पाच जण बोलतात आणि बाकीचे मान हलवतात, यावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची रीत उपयोगी पडते. तिथे अभ्यास गट असतात. त्यांत विषय समजून घ्यायचा, प्रश्न विचारायचे, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही, तो सगळ्यांच्या संमतीने ग्रामसभेत. निर्णयाचा ताण नसला की कमी बोलणारा माणूसही "मले हे समजलं नाई" असं म्हणायला धजावतो. कंपनीतही खरेदीचा भाव ठरवायच्या बैठकीआधी दोन दिवस असा नुसता समजून घेण्याचा बैठा कार्यक्रम ठेवता येतो. त्यात महिला संचालकांना आधी बोलू द्या. सगळ्यात शेवटी बोलायला सांगितलं तर त्या "वरच्यासारखंच" म्हणतात.

जमलं की नाही, कसं ओळखाल

किती प्रशिक्षणं झाली, किती सह्या झाल्या, हे मोजू नका. तक्त्यातली लाल घरं हंगामाच्या सुरुवातीला किती होती आणि शेवटी किती उरली ते मोजा. सुट्टीवर असलेल्या फिटरला किती वेळा फोन करावा लागला, त्याची वहीत नोंद ठेवा आणि प्रत्येक फोनवर काय विचारलं तेही लिहा. पुढच्या महिन्यात काय शिकवायचं, त्याची यादी तिथेच तयार होते.

सगळ्यात खरी परीक्षा म्हणजे काकांना पगारी सुट्टी देणं, तीही हंगाम चालू असताना. दिवाळीनंतरची पहिली गर्दी किंवा भाव चढल्यामुळे गाड्या तुंबलेले दिवस टाळा. आवक जरा मंदावेल असा आठवड्याचा मधला दिवस निवडा. पोरांना आदल्या दिवशीच सांगा, त्याहून आधी सांगितलं तर ते काकांकडून सगळं उरकून घेतात. मुकादमाला हजर ठेवा, आणि धोका दिसला तर यंत्र बंद करायचा अधिकार त्याला द्या. काकांचा फोन मात्र दिवसभर त्यांच्या बायकोकडे.